शेकड्यावर पाच

गावात मला पाखरमोज्या म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, तोंडावर तुळशीरामबुवा म्हणतात. पण मी तलावाकडून येताना दिसलो की पारावरचा एखादा हमखास विचारतो, “काय बुवा, आज सगळे हजर होते का?” जसा काही मी मास्तर आणि पाखरं माझ्या वर्गातली. मीही मान वर करून सांगतो, “दोन गैरहजर. बाकी बसेल हायेत.” थट्टेला तिथल्या तिथं उत्तर द्यायचं, चिडायचं नाही. चिडायचं ते घरी येऊन.

शिक्षण तिसरी. तीही पुरी झाली असं माझी बायको मानत नाही. हे सांगायचं कारण, हा लेख मी स्वतः लिहिला आहे. गावच्या गुरुजींनी ऱ्हस्व-दीर्घ तेवढे सुधारले. त्यांना मधली चार वाक्यंही सुधारायची होती, ती मी सुधारू दिली नाहीत. तेव्हा यात काही चुकलं असेल तर ते माझं, आणि बरोबर असेल तर तेही माझंच.

आमचा तलाव मेहकरहून एसटीनं पाऊण तासावर. पाखरांसाठी तो राखीव झाला तेव्हा वनखात्यानं रोजंदारीवर एक माणूस ठेवायचं ठरवलं. काम काय, तर म्हशी हाकलणं, जाळी लावणाऱ्यांवर नजर ठेवणं आणि परदेशातून येणारी काठावरची पाखरं मोजणं. पहिली दोन कामं करायला गावात पाच जण तयार होते. तिसरं ऐकून चौघं हसत घरी गेले. मी राहिलो, कारण मोजण्यात मला गावात कोणी हात धरत नव्हतं. त्याआधी पंधरा-सोळा वर्षं मी कडबा मोजत होतो. कडब्याची गंजी उतरवायची, पेंढ्या मोजून गाडीत द्यायच्या. पेंढ्या देणारा मी, झेलणारा माझा दोस्त रशीदभाई. आमचा हिशेब कधी चुकला नाही. जो पेंढी मोजतो तो पाखरू मोजू शकतो, असं मी साहेबांना छाती काढून सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

काम सांगायला सोपं आहे. पोळा होऊन गेला की पहिले तुतवार येतात, एकटे-दुकटे, बूड हलवत काठानं फिरणारे. दसरा-दिवाळीपर्यंत चिखले येतात, लांब चोचीचे पाणटिवळे येतात, आणि मुठीत मावतील एवढे टिलवे. टिलव्यांना मी आधी उंदरं म्हणायचो, कारण चिखलावर तशीच पळतात. संक्रांतीच्या आगेमागे काठ नुसता वळवळत असतो. होळीनंतर गळती लागते, पाडव्याला मागं राहतात ते चुकार. ही मंडळी पोहत नाहीत. चिखलात चोच खुपसून किडे काढतात. म्हणून मोजणाऱ्यानं पाण्याकडं पाहायचं नसतं, चिखलाकडं पाहायचं. पाऊस चांगला झाला की सगळा गाव खूश, मी एकटा तोंड पाडून बसायचो, कारण पाणी उतरायला उशीर.

आठवड्यातून एक दिवस मोजणीचा. सकाळची उन्हं पाठीवर घेऊन चालायचं. उन्हाकडं तोंड केलं की सगळी पाखरं काळी दिसतात. काठाचे तुकडे पाडायचे. पंपाच्या खोलीपासून वाकड्या बाभळीपर्यंत एक, बाभळीपासून म्हशींच्या उतारापर्यंत दुसरा, असे पाच. चार तुकडे होत आले की नेमका भोवत्या येतो. हा शिकारी पक्षी, चिखलावरून खालून खालून येतो. सगळा थवा एकदम उठतो, तीन गिरक्या घेतो, आणि पहिल्या तुकड्यातले चौथ्यात जाऊन बसतात. मग पुन्हा पंपाच्या खोलीपासून. भोवत्याला मी जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या सख्ख्या भावाला दिल्या नाहीत, आणि भावाशी माझं बोलणं नाही.

पहिल्या हिवाळ्यात सलग तीन आठवडे चौथ्या तुकड्यातले टिलवे सारखेच भरले. एक कमी नाही, एक जास्त नाही. मला वाटलं, काय शिस्तीची जात आहे! चौथ्या आठवड्यात एक म्हैस त्यांच्यामधून चालत गेली आणि एकही उडाला नाही. ती ढेकळं होती. साहेबांना मी हे सांगितलं नाही, पण वहीतले ते तीनही आकडे खोडून तिथं शून्य लिहिलं. आज सांगतो आहे, कारण ते साहेब बदलून गेले आणि ढेकळंही विरघळली.

तऱ्हेवाईक माणसं पाखरांपेक्षा जास्त पाहिली. एक फोटोवाला आला होता, हातभर लांब भिंगवाला. दोन तास बसला आणि म्हणाला, “काका, जरा उडवा ना त्यांना. बसलेले फोटो काय, कोणीही काढतं.”

मी म्हटलं, “ते हजारो कोस उडून आताच बसले हायेत. तुमी मेहकरहून आले त इथं आल्याबरोबर सावली पाहून राह्यले होते.”

त्यानं माझं ऐकलं नाही, टाळ्या वाजवत पुढं गेला आणि मांडीपर्यंत रुतला. त्याला काढायला मी गेलो, तर मीही रुतलो. आम्हा दोघांना म्हशीवाल्यानं दोर टाकून ओढलं. एवढा तमाशा झाला, पण एकही पाखरू उडालं नाही. बिचाऱ्याला शेवटपर्यंत फोटो मिळाला नाही.

बावीस हिवाळे मी मोजणीचा एक दिवस चुकवला नाही. हे मी सगळ्यांना सांगतो, म्हणून इथंही सांगतो. लेकीच्या, संगीताच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळी मांडवात बायका हळदीची गाणी म्हणत होत्या आणि मी गळ्यात दुर्बीण घालून तलावावर गेलो. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आता लोकच मला ती सांगतात.

तीन हिवाळ्यांपूर्वी वैशाली मॅडम आल्या. कॉलेजात शिकवतात, पाखरांचा अभ्यास. त्यांच्याजवळ तीन पायांवर उभी राहणारी मोठी दुर्बीण. वयानं माझ्या संगीताएवढ्या, मला काका म्हणायच्या. पहिल्याच दिवशी आम्ही शेजारी उभं राहून मोजलं. लांब पायांचे शेकाटे जुळले, पाणटिवळे जुळले. टिलव्यांचा मोठा थवा आला तिथं फाटलं.

“काका, माझे तेराशे. तुमचे?”

“बाराशे चाळीस.”

“पुन्हा मोजू या?”

“तुमी मोजा. माहे मोजून झाले.”

त्या पुन्हा मोजायच्या आणि पुन्हा तेच. पुढच्या आठवड्यात तसंच. लहान थवा असला की आमचं एकमत, मोठा आला की त्यांचे जास्त. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, “त्या मॅडमले उडते-बसते दोन्ही मोजायची सवय हाये. एक पाखरू दोनदा धरून राह्यल्या.”

बायको भाकरी थापत होती. ती म्हणाली, “त्या पंधरा-सोळा वर्षं शिकल्या, तुमी अडीच. मंग तुमचंच बरोबर असंल.”

“तीन,” मी म्हटलं.

असे दोन हिवाळे गेले. त्यांनी वाद घातला नाही, मी माघार घेतली नाही. रोजंदारीचं वय संपलं तरी मी मोजायला जातच होतो. वही माझी होती, तलाव कोणाच्या बापाचा नव्हता.

मग गेल्या माघात रेंजर साहेबांनी चौकीवर बोलावलं. तलावाची फाईल वर जाणार होती. किती वर्षांपासून किती पाखरं येतात, त्याचा तक्ता हवा होता. बावीस हिवाळ्यांच्या नोंदी तालुक्यात एकाच माणसाजवळ होत्या. मी इस्त्रीचा सदरा घालून, वह्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन गेलो. साहेब तरुण, बोलायला गोड. त्यांनी वह्या चाळल्या, शेजारी बसलेल्या मॅडमकडं पाहिलं. मॅडम खाली पाहत होत्या.

“बुवा,” साहेब म्हणाले, “या वह्या आपण इथं कपाटात ठेवू. आठवण म्हणून. पण तक्त्यात नाही घेता येणार. तीन वर्षं मॅडमशी मेळ बसत नाही. तुमचा तो एक अंदाज आहे.”

अंदाज! गाठोडं बांधलं आणि घरी आणलं. बावीस वर्षं थंडीत बोटं आखडून मोजलं, आणि ते अंदाज. अंदाज तर पारावर बसून कोणीही करतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम घरी आल्या. हातात एक मोठा छापील फोटो, दोन वर्तमानपत्रं जोडावीत एवढा. त्यात टिलव्यांचा थवा बसलेला. त्यांनी तो खाटेवर पसरला.

“काका, हे उडत नाहीत. यांना मोजा. मी बोलणार नाही.”

मी बायकोकडून ज्वारीचे दाणे घेतले आणि एकेका पाखरावर दाणा ठेवत निघालो. माझी रीत अशी. पाच पाखरं म्हणजे एक हात. हाताच्या चार बोटांवर पाच-पाच खुणा, तीन पेरं, एक टोक आणि एक मूळ, म्हणजे वीस. एक हात झाला की अंगठा पुढच्या खुणेवर सरकवायचा. चारी बोटं संपली की एक शेकडा, आणि डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात. बांधावर चालताना यापेक्षा चांगली रीत नाही, दोन्ही डोळे मोकळे राहतात. शेवटी मी उजवा खिसा खाटेवर रिकामा केला. सहा खडे, वर बेचाळीस पाखरं.

“सहाशे बेचाळीस.”

“माझे सहाशे बहात्तर,” मॅडम म्हणाल्या. “काका, आणखी एकदा. या वेळी मोठ्यानं मोजाल?”

मी मोठ्यानं मोजलं. सतरा हात, अठरा हात, एकोणीस, वीस, “आन् वर एक,” आणि खडा टाकला.

“थांबा. वर एक काय?”

“वर एक म्हंजे वर एक हात. शेकड्यावर द्याच लागते ना.”

“कोणाला?”

मी खाटेवरच्या फोटोकडं पाहिलं. तिथं घेणारा कोणीच नव्हता.

आमच्याकडं कडबा शेकड्यानं जातो, आणि शेकड्यावर पाच पेंढ्या घेणाऱ्याला वरच्या द्यायच्या. एखादी पेंढी बारीक निघते, एखादी सुटते, म्हणून ही रीत. त्या पाच मोजायच्या, पण बोलायच्या नाहीत. पाढे म्हणताना शंभर म्हणजे शंभर, हे मलाही ठाऊक आहे. पण हातानं वस्तू मोजायला घेतली की हात त्याच्या जुन्या धंद्यावर जातो. बावीस हिवाळे मी दर शेकड्यामागं पाच पाखरं वर देत होतो. सहा खडे, तीस पाखरं.

बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती पदर तोंडाला लावून आत गेली. भांडी पडल्याचा आवाज आला. भांडी नव्हती, हसत होती.

मॅडम हसल्या नाहीत. फोटो गुंडाळत हळूच म्हणाल्या, “काका, हे साहेबांना मी सांगणार नाही. सांगायचं तर तुम्ही सांगा. नाही सांगितलं तर वह्या अशाच गाठोड्यात राहतील, कोणी काही म्हणणार नाही.”

त्या गेल्यावर मी रशीदभाईकडं गेलो. तो आता थकला आहे, ओट्यावर बसून असतो. मी काही न सांगता विचारलं, “रशीद, शेकडा म्हंजे किती?”

“एकशे पाच,” तो म्हणाला. “हे काय पुछाची बात हाये का? काऊन बे?”

त्याला खरं सांगितलं. तो इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली आणि सुनेनं पाणी आणून दिलं. मग म्हणाला, “अरे, मी त गाडी भरून घेऊन जात होतो. पाखरं तुह्याकून वरचे घेऊन कुठं गेले?”

दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. बोललो नाही तर माझा मान शाबूत राहत होता. म्हातारा झाला, नजर गेली, एवढंच लोक म्हणाले असते. पण वह्या गाठोड्यात कुजणार होत्या. बोललो तर वह्या वाचणार होत्या आणि माझं हसं होणार होतं. तिसऱ्या दिवशी बायकोनंच गाठोडं आणून समोर ठेवलं.

“अवो, लोकं तसेबी हासतेतच. निदान खऱ्यावर हासू द्या.”

चौकीवर साहेब, मॅडम आणि दोन गार्ड होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कडब्यापासून. गार्ड एकमेकांकडं पाहू लागले. साहेब हसले नाहीत, पण टेबलावरचा पेन उगाच सरळ करत राहिले.

“ठीक आहे बुवा,” ते म्हणाले. “पण एक सांगा. दर वेळी पाचच दिले कशावरून? कधी विसरले असाल, कधी दोनदा दिले असतील. मग आकडे दुरुस्त कसे करायचे?”

तिथं मला राग आला. “साहेब, मी हट्टी माणूस हाये. एकदा हाताले लागलं ते सुटत नाई. सख्ख्या भावाशी मी अजून बोललो नाई. कडब्यात पाचाच्या जागी चार दिले असते त रशीदनं मले गाडीखाली घातलं असतं.”

मॅडमनी बॅगेतून दुसरा फोटो काढला. एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, घडी घालून साहेबांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “काका, मोजा. नेहमीसारखेच मोजा. सुधारू नका.”

सुधारू नका! असं मला जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. मी मोजलं. चार खडे, वर सतरा. “चारशे सतरा.”

साहेबांनी चिठ्ठी उघडून वाचली. “काका चारशे सतरा म्हणतील. आहेत चारशे सदतीस.”

साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग माझी सगळ्यांत जुनी वही उचलली. “बावीस वर्षं असंच? एकदाही फरक नाही?”

“एकदाबी नाई,” मी म्हटलं.

“मग घेऊ या,” साहेब म्हणाले. “चूक एकसारखी असली की दुरुस्त करता येते.”

माझ्या हट्टाचा आयुष्यात कोणाला उपयोग झाला असेल तर तो एवढाच. गावात त्याच संध्याकाळी कळलं. पारावरून आवाज आला, “बुवा, आम्हालेबी पाच वर द्या!” मी म्हटलं, “थवा आना, देतो.”

आकडे मीच दुरुस्त करणार असं मी धरून बसलो. मॅडमनी लाल पेन दिला. मी रोज दुपारी ओसरीवर बसायचो. मी आकड्यातल्या शेकड्यांना पाचानं गुणून बाजूला लिहायचो, मॅडम रविवारी येऊन तपासायच्या. लिहिताना मन जरा खट्टू व्हायचं. जगाच्या त्या टोकाहून आलेली, माझ्या डोळ्यांसमोर बसलेली पाखरं, आणि मी ती कडब्यासारखी वर देऊन टाकलेली. आता एकेक परत वहीत येत होती.

असं करत अकराव्या वहीला आलो. माघातलं पान. संगीताच्या लग्नाचा दिवस. टिलवे आठशे वीस. आठा पाचा चाळीस, लाल पेन टेकवला आणि थांबलो.

त्या दिवशी मी तलावावर गेलो होतो, हे खरं. पंपाच्या खोलीपर्यंत गेलो. दुर्बीण डोळ्यांना लावली तर काही दिसेना. काच पुसली. तरी दिसेना. तिथंच खोलीच्या पायरीवर बसून राहिलो, ऊन डोक्यावर आलं तेव्हा उठलो. आदल्या आठवड्याचे आठशे होते, त्यात मनानं वीस घातले आणि वही मिटली. मांडवात बायको म्हणाली, “झाले का मोजून?” मी म्हटलं, “हाव.”

या पानाचं कोणाला कळणार नव्हतं. मॅडमच्या फोटोत ते नव्हतं. साहेबांना मी स्वतःच्या तोंडानं ‘एकदाबी नाई’ म्हटलं होतं. गावात तर त्या दिवसाची गोष्ट माझ्यापेक्षा मोठी झाली होती. मी ती वही तशीच ठेवून बारावी घेतली, तेरावी घेतली. बावीसही संपल्या. अकरावी तेवढी उशाशी राहिली.

रविवारी मॅडम यायच्या आधी मी आठशे वीसवर लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, “गेलो होतो. मोजले नाहीत. लेकीचं लग्न होतं.”

मॅडमनी ते पान वाचलं. मला वाटलं, आता सगळ्याच वह्या परत करतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पान उलटलं. म्हणाल्या, “काका, चहा मिळेल का?”

तक्ता छापून आला, त्याची एक प्रत साहेबांनी मला दिली. मी ती भिंतीला चिकटवली आहे. बावीस हिवाळे, बारीक बारीक चौकटी, सगळ्या आकड्यांनी भरलेल्या. माघातली एक चौकट तेवढी रिकामी. घरी कोणी आलं की बायको त्यांना तक्त्यासमोर उभं करते, आणि माणूस हमखास विचारतो, “बुवा, इथं काऊन काही लिहिलं नाही?”

मी सांगतो, “तेवढी एकच जागा बिनचूक हाये.”